डब्लिनहून नॅशविलला

पॅडी मोलोनींनी १९६२ मध्ये डब्लिनला ‘द चीफटन्स’ची मोट बांधली, तेव्हा त्यांचा जीव होता तो निव्वळ वादनात. कोपराखालच्या भात्याने हवा भरायचे इलन पाइप्स, टिन व्हिसल, फिडल, बासरी. पुढे डेरेक बेल यांची हार्प. तीस वर्षांनी याच मंडळींनी विली नेल्सन, एमिलू हॅरिस, रिकी स्कॅग्ज, चेट अ‍ॅटकिन्स अशा अमेरिकी कंट्री संगीतातल्या दिग्गजांना सोबत घेतले आणि १९९२ मध्ये ‘अनदर कंट्री’ हा अल्बम आला. त्याला समकालीन लोकसंगीताचे ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमीही त्यांच्याच ‘अ‍ॅन आयरिश ईव्हनिंग’ला मिळाले!

याला सरसकट ‘फ्युजन’ म्हणणे मला पटत नाही. अठराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातून हजारो कुटुंबे अमेरिकेत गेली आणि त्यांतली कितीतरी अ‍ॅपलेशियन डोंगरांत वसली. फिडलच्या धुना आणि कथागीते त्यांच्यासोबतच गेली. पण कंट्री म्हणजे फक्त आयर्लंडचे अपत्य, हेही खरे नव्हे. बँजोचे मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडे जाते, आणि या अल्बममध्ये नेल्सन गातात ते ‘गुडनाइट आयरीन’ घरोघरी पोचवण्यात लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाचा वाटा मोठा होता.

तरीही या अल्बममध्ये पाहुण्यांचे तेज इतके पडते की अधूनमधून चीफटन्स साथीदार होऊन बसतात. दहा वर्षांनी, २००२ च्या ‘डाउन द ओल्ड प्लँक रोड’मध्ये, ती उणीव भरून निघाली. इथे ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेतले कसलेले वादक आहेत आणि पाइप्सना तोलामोलाचे उत्तर मिळते. अ‍ॅलिसन क्राउस यांनी गायलेले ‘मॉली बान’ ऐकावे. पांढऱ्या वस्त्रातल्या प्रेयसीला हंस समजून शिकारी गोळी घालतो, ही त्याची गोष्ट. हे गीत आयर्लंडमध्येही गायले गेले आणि अमेरिकेतही. क्राउस ते आक्रोश न करता, जवळजवळ निर्विकारपणे गातात, म्हणूनच ते काळजाला भिडते.

तो अल्बम आल्यावर काही आठवड्यांतच डेरेक बेल गेले. दुसरा भाग २००३ मध्ये आला. मोलोनी २०२१ पर्यंत होते. हे संगीत नव्याने ऐकणाऱ्याने २००२ च्या अल्बमपासून सुरुवात करावी. दोन्ही परंपरांचे नाते तिथे कानाला आपोआप कळते. ‘अनदर कंट्री’ त्यानंतर ऐकला, तर नावाजलेल्या आवाजांमागची वाद्येही ऐकू येऊ लागतात.