पंधरवड्याची भरपाई आणि न्याय्य कार्यपद्धती

धार जिल्ह्यातील पीथमपूर किंवा देवास येथील कारखान्यात जायबंदी होऊन काही आठवडे घरी बसावे लागलेल्या कामगाराला त्या काळासाठी मिळणाऱ्या रकमेस तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई म्हणतात, आणि ती कोणाकडून मिळणार हे बऱ्याच अंशी त्याच्या पगारावर ठरते. कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेत असून वेतन दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम विमा महामंडळ देते. त्याहून अधिक पगाराच्या कामगाराला 1923 च्या भरपाई कायद्याने मालकाकडे जावे लागे. तेथे दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम ठरलेली असली, तरी 2020 पासून हिशेबाला वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरले जात असल्याने हाती फार तर 3,750 रुपये पडत. पगार मोठा आणि आधार तोकडा, अशी ही विचित्र रचना होती.

 ही भरपाई न्याय्य पद्धतीने मिळावी, यासाठी घटनेचा आधार घेता येतो का? राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ची अट आली, आणि ती कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात ठरवले. मात्र हे बंधन प्रामुख्याने शासनसंस्थेवर असल्याने महामंडळाविरुद्ध त्याचा आधार घेता येतो, खासगी मालकाविरुद्ध तो सहसा लागू पडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1999 मध्ये पेनसिल्व्हेनियातील कामगार भरपाईच्या प्रकरणात खासगी विमा कंपन्यांनी वादग्रस्त वैद्यकीय बिले रोखणे ही सरकारी कृती नव्हे, असा निकाल दिला.

अशा वेळी कामगाराचा खरा आधार भरपाईचा कायदाच ठरतो. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उद्भवते, निवाड्याच्या दिवशी नव्हे, असे प्रतापनारायण सिंह देव खटल्यात 1975 मध्ये स्पष्ट झाले. 1923 च्या कायद्यात एक महिन्याहून अधिक विलंबावर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंडही होता. दंडापूर्वी मालकाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले आहे, हे योग्यच. परंतु जबाबदारी पूर्ण मान्य नसल्यास मालकाने ‘जेवढी मान्य, तेवढी’ रक्कम तात्पुरती द्यावी, अशी तरतूद असल्याने जबाबदारी पूर्णच नाकारणाऱ्याला निवाडा होईपर्यंत काहीही द्यावे लागत नाही, आणि पंधरवड्याच्या खर्चासाठी असलेली भरपाई खटल्याच्या कालावधीत अडकून पडते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 1923 च्या कायद्याची जागा घेतली, पण ही तरतूद जवळपास तशीच ठेवली.