शिंपले, सुतळी आणि खराट्याचे हीर

पालघर जिल्ह्यात बालशिक्षणाचा विषय निघाला की बोर्डी आणि कोसबाड ही नावं हमखास येतात. हा वारसा बालवाडीपुरताच धरला जातो, हे मात्र खटकतं. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी घरीच साधनं करू पाहणाऱ्या पालकांचा आणि शिक्षकांचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह उघडण्याआधी मारिया माँटेसरी मतिमंद ठरवलेल्या मुलांना शिकवत होत्या. बोटांनी चाचपायची अक्षरं, हातांनी जुळवायचे आकार ही कल्पना तिथे रुजली. १९२६मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि ही पद्धत इकडे फोफावली. पण माँटेसरींचा लाकडी संच महाग. खेड्याला परवडणार कसा? २४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. शिंपले, बिया, खडे, पानं हीच तिथली साधनं झाली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत येणं जमेना, तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली.

याच जिल्ह्यात, बोर्डीच्या दक्षिणेला तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९मध्ये सुरू झाला, औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर देशभरच्या कामगारांचं गाव झालं. वर्गात वारलीबरोबर भोजपुरीसारख्या बोलीही आल्या.

वाचन-लेखनातल्या अशा अडचणीला, म्हणजे अध्ययन अक्षमतेला, सरकारदरबारी ओळख मिळायला मात्र बराच काळ गेला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात तिचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्राने १९९६मध्ये अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २००७च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचवला, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तिला जागा दिली. दहावीला मिळणारा जादा वेळ मोलाचाच. पण दुसरीतल्या मुलाला आज अक्षर ओळखता यायला हवं.

इथे बोर्डीची दृष्टी कामी येते. घ आणि ध, म आणि भ या जोड्या घ्या. घ आणि म यांची शिरोरेषा सलग, ध आणि भ यांची तुटलेली. डोळ्यांतून हा फरक निसटतो, बोटातून निसटत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरचं अक्षर चिकटवायचं आणि शिरोरेषेच्या जागी सुतळी. ध आणि भ यांना खाच सोडायची. मूल उच्चार करत बोट फिरवतं आणि खाचेशी बोट अडतं. घ पक्का होईपर्यंत ध बाहेर काढायचाच नाही, हे पथ्य मात्र सांभाळावं लागतं.

ऱ्हस्व वेलांटीची अडचण आणखी वेगळी: लिहिताना ती आधी, उच्चारात नंतर. वहीच्या पारदर्शक कव्हरच्या तुकड्यावर लाल पेनने वेलांटी काढली आणि तो तुकडा क, ग, न यांवर सरकवला, की कि, गि, नि तयार होतात. खर्च जवळपास शून्य.

आकड्यांचंही तसंच. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन. म्हणून मूल १२ लिहून मोकळं होतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि त्यावर गदारोळ झाला. त्या गदारोळात संख्यावाचनात अडखळणारी मुलं बाजूलाच राहिली. खराट्याच्या दहा-दहा हिरांच्या रबर लावलेल्या जुड्या आणि शेजारी सुटा हीर ठेवला, तर दोन जुड्या आणि एक हीर हे २१ त्यांना हातात धरता येतं.

बाजारातले रंगीबेरंगी तक्ते इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. एकाच वेळी दहा गोष्टी दाखवणारं साधन अशा मुलाला आणखी गोंधळात टाकतं.

साधन हाती देण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. घरी वारली किंवा भोजपुरी बोलणारं मूल मराठी पुस्तकासमोर अडखळलं, की लगेच त्याला अध्ययन अक्षम ठरवणं हा अन्याय आहे. ते आपल्या बोलीत गोष्ट सांगतं का, यमक ओळखतं का, शब्दातले आवाज सुटे करून म्हणतं का, हे आधी त्याच बोलीत पाहिलं पाहिजे. बोईसरच्या वर्गात ती बोली जाणणारी आई, आजी किंवा शेजारीण या तपासणीला सोबत बसू शकते.