बहुमॉनिटर मांडणीत ग्राफिक्स कार्ड तापणे

एकाच संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडल्यावर, खेळ किंवा चित्रफीत संपादनासारखे जड काम चालू नसतानाही ग्राफिक्स कार्डाचे तापमान व वीजवापर वाढलेला राहणे, ही संगणक वापरणाऱ्यांना वारंवार येणारी अडचण आहे. तिचे कारण पुष्कळदा कार्डातील बिघाड नसून मेमरीचा वेग खाली न येणे हे असते. हे लक्षात न आल्यास कार्ड विनाकारण उघडले जाते आणि त्यात पंख्याची वायर तुटण्याचा किंवा वॉरंटी गमावण्याचा धोका असतो.

कारण

आधुनिक ग्राफिक्स कार्ड काम नसताना आपल्या चिपचा व मेमरीचा वेग कमी करते. मेमरीचा वेग बदलताना तिच्यातून माहिती वाचणे क्षणभर थांबते. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर चित्र रेखाटले जात असेल, तर ते लुकलुकते किंवा फाटल्यासारखे दिसते. म्हणून हा बदल एक फ्रेम संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या काळात उरकला जातो. या काळास व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात. हा काळ फारच थोडा असतो. १९२०×१०८० पिक्सेल व ६० हर्ट्झच्या नेहमीच्या संकेतात एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात; तिच्या एकूण ११२५ ओळींपैकी ४५ ओळी रिकाम्या असतात. म्हणजे वेग बदलण्यासाठी मिळतो तो जेमतेम ०.६७ मिलिसेकंद.

मॉनिटर एकच असेल तर एवढा अवधी पुरतो. दोन मॉनिटरांचे रिफ्रेश रेट किंवा रिझोल्यूशन वेगळे असतील, तर मात्र त्यांचे रिकामे काळ एकाच वेळी येत नाहीत. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची फ्रेम ६.९ मिलिसेकंदांत संपते, तेव्हा शेजारच्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर चित्र अर्धेही रेखाटून झालेले नसते. अशा वेळी ड्रायव्हर धोका न पत्करता मेमरी पूर्ण वेगावरच ठेवतो आणि कार्ड बसल्या जागी तापत राहते.

मार्च २०१० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स ४८० या २५० वॅटच्या कार्डाबाबत हा प्रश्न विशेष चर्चिला गेला. पडदा लुकलुकू नये म्हणून दोन मॉनिटर असताना मेमरीचा वेग मुद्दाम वर ठेवला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० मालिकेतही काही मॉनिटरांसह निष्क्रिय अवस्थेतील वीजवापर जास्त राहत असे. कंपनीने ड्रायव्हरच्या टिपणांत ही ज्ञात अडचण म्हणून नोंदवली होती.

निदान

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा वेग व तापमान एकत्र पाहता येते. सर्व प्रोग्रॅम बंद करून दुसऱ्या मॉनिटरची केबल काढली जाते. वेग लगेच उतरला आणि काही मिनिटांत तापमानही घटले, तर कारण वर सांगितलेलेच आहे. वेग उतरूनही कार्ड तापलेलेच राहत असेल, तर दोष शीतनात शोधावा लागतो: हीटसिंकमध्ये साचलेली धूळ, अडकलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा. वेग व चिपवरील भार दोन्ही वर असतील, तर सजीव वॉलपेपर किंवा ब्राउझरमध्ये चालू राहिलेली चित्रफीतही कारणीभूत असू शकते.

तापमान वाचताना खोलीचे तापमानही हिशेबात घ्यावे लागते. विदर्भातील मे महिन्यात खोली दहा अंशांनी तापली, तर कार्डही जवळपास तेवढेच जास्त तापते. त्यात नवा बिघाड काही नसतो. तसेच अनेक कार्डांचे पंखे सुमारे ५० ते ६० °से.पर्यंत फिरतच नाहीत. दुसऱ्या मॉनिटरमुळे तापमान नेमके याच सीमेवर रेंगाळले, की पंखा सतत चालू-बंद होतो आणि वापरकर्त्याला तो नादुरुस्त वाटतो.

उपाय

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व मॉनिटरांचा रिफ्रेश रेट सारखा करणे, किंवा १४४ हर्ट्झऐवजी १२० अथवा ६० हर्ट्झ ठेवून पाहणे. ड्रायव्हर अद्ययावत करण्यानेही काही वेळा फरक पडतो. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्यास दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडता येतो. त्यासाठी बायोसमधील संबंधित पर्याय चालू करावा लागू शकतो. नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असलेल्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत मात्र ही सोय नसते. रिकामा काळ वाढवणारे सानुकूल रिझोल्यूशनही बनवता येते, पण चुकीच्या आकड्यांमुळे पडदा काळा पडू शकतो, म्हणून हा मार्ग शेवटी वापरला जातो.

निष्क्रिय अवस्थेतील ५० ते ६० °से. तापमान चिपला सहसा अपायकारक नसते. भार असताना कार्ड आपल्या कमाल मर्यादेजवळ पोहोचून स्वतःचा वेग घटवू लागले किंवा संगणक अचानक बंद पडू लागला, तर दुरुस्ती लांबणीवर टाकता येत नाही.