पत्र्याचं शेड बांधताय? खर्च आधी खांबाच्या खड्ड्यात करा

पुणे : ट्रॅक्टर-जीपसाठी गॅरेज, कांद्याची वखार, नाहीतर शेतावर राहायला दोन खोल्या. सध्या जो तो खांब उभे करून वर पत्रा टाकतो. काम आठ दिवसांत होतं, खर्चही स्लॅबपेक्षा कमी. पण वळवाच्या पावसात पहिलं उडतं तेही हेच. चूक बहुतेक वेळा पत्र्यात नसते, ती खांबाच्या बुडाशी असते.

वाड्यांचे खांब कसे टिकले?

खांबांवर घर ही पुण्याला नवी गोष्ट नाही. पेशवाईतले वाडे सागवानी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावरच उभे राहिले. दोन खांबांतलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं मापही खणांतच सांगायचे. विश्रामबाग वाड्यात किंवा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात हे खांब आजही बघायला मिळतात.

वाड्यातला खांब जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर ठेवत, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नसे. वरून कौलं, लाकूड, मातीचा थर असा भरपूर भार असायचा. त्या वजनानेच खांब जागेवर दाबून राहायचा.

पत्र्याचं गणित उलटं

पत्रा हलका. त्यामुळं खांबाला नुसता वरचा भार पेलायचा नसतो, वाऱ्यात छप्पर धरूनही ठेवायचं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरमध्ये घरांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले, ते याचमुळं.

ढोबळ हिशोब बघा. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलाय. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ९० किलोचा जोर बसतो. २० बाय ३० फुटांचं शेड म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर. छपराला वर उचलणारा जोर झाला सुमारे पाच टन! पत्र्याचं स्वतःचं वजन मात्र पाव टनाच्या आसपास.

आठ खांब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सहाशे किलोच्या वर ओढ येते, मधल्या खांबांना कोपऱ्यातल्यांपेक्षा जास्त. एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल खड्ड्यातलं काँक्रीट भरतं जेमतेम १३५ किलो. तेच दोन बाय दोन, तीन फूट खोल खड्ड्यात आठशे किलो बसतं. फरक एवढाच आहे.

बांधताना हे बघा

- काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदा.
- लोखंडी खांब मातीत गाडू नका, बुडाशी गंजतो. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढा, त्यात बोल्ट बसवून खांबाची प्लेट आवळा.
- खांबांच्या मधे तिरके आधार द्या. नाहीतर चौकट एका अंगाला कलते.
- पत्र्याचे स्क्रू कडेला आणि कोपऱ्यांना जवळजवळ मारा. वारा पत्रा तिथूनच उचकटतो.
- शेडची उघडी बाजू वाऱ्याच्या तोंडाला ठेवू नका. आत शिरलेला वारा छप्पर खालून ढकलतो.

वरचा हिशोब अंदाज यावा म्हणून दिलाय. नेमकं माप जागा बघून इंजिनिअरकडून घ्या.

परवानगीचं काय?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. त्यामुळं शहरालगत जमीन असेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर विसंबू नका. महापालिका की पीएमआरडीए, परवानगी कुणाची लागते ते खड्डा मारायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पत्र्याचा रंग, शटर, फरशी पुढच्या वर्षी करता येते. खांबाखालचा खड्डा मात्र एकदाच मारायला मिळतो. पैसे कमी पडत असतील तर शेड एका खणाने लहान करा, पण खड्डा लहान करू नका.