पाण्याचा हिशेब ठेवणारं शहर

26 जुलै 2005 ची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या एका दिवसात मुंबईच्या सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. आता नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ बोट ठेवा. तिथे ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात, टूसॉन नावाचं शहर आहे. टूसॉनला अख्ख्या वर्षात साधारण 280 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईत त्या दिवशी जेवढं पाणी पडलं, तेवढं टूसॉनला मिळायला तीन वर्षांहून जास्त काळ लागतो!

एवढ्याशा पाण्यात तिथली झाडं आणि प्राणी जगतात कसे? ते बघायला टूसॉनच्या संग्रहालयांत जाऊ या. टोपी घाला, पाण्याची बाटली भरून घ्या. आपलं पहिलं संग्रहालय बहुतेक सगळं उघड्यावरच आहे.

त्याचं नाव ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम. 1952 साली शहराबाहेरच्या डोंगरात ते सुरू झालं. संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’च्या पाट्या आठवतात ना? इथे पायवाटेनं चालत राहायचं आणि वाळवंट बघत जायचं. एका मोठ्या जाळीच्या घरात शिरलात, तर बोटाएवढे हमिंगबर्ड पक्षी कानाजवळून भुर्रकन जातात.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो सवारो. हा निवडुंग चार मजली इमारतीएवढा उंच होऊ शकतो. पण त्याला घाई म्हणून नाही. दहा वर्षांचा सवारो तुमच्या अंगठ्याएवढा असतो! त्याला पहिला ‘हात’, म्हणजे फांदी, फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. तुमच्या आजोबांच्या वयाचा सवारो अजून सरळसोट खांबच असेल, कदाचित.

त्याच्या अंगावर उभ्या चुण्या असतात, परकराला असतात तशा. मुळं जेमतेम वीतभर खोल, पण झाडाच्या उंचीइतकी लांबवर पसरलेली. पाऊस आला की मुळं भराभरा पाणी ओढतात, चुण्या उलगडतात आणि सवारो फुगतो. शेकडो लिटर पाणी पोटात! मग पुढचे कोरडे महिने तो ते पुरवून पुरवून वापरतो आणि चुण्या पुन्हा मिटत जातात. म्हणजे पाऊस होऊन किती दिवस झाले, याचा अंदाज सवारोच्या अंगावरून येतो.

त्याच्या खोडात सुतारपक्षी घरटं कोरतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून सवारो त्या भोकाला आतून कडक अस्तर लावून घेतो, जखमेवर खपली धरते तसं. सुतारपक्षी घर सोडून गेला की तिथे एल्फ घुबड राहायला येतं. वजनानं हे जगातलं सगळ्यात हलकं घुबड. वजन फक्त चाळीसेक ग्रॅम, म्हणजे एका लहान लिंबाएवढं.

या वाळवंटात शेकडो वर्षांपासून राहणारे तोहोनो ओ’ओधम लोक सवारोला माणूसच मानतात. उन्हाळ्यात लांब काठीनं ते त्याची लाल फळं काढतात. ही काठीसुद्धा वाळलेल्या सवारोच्या आतल्या दांड्यांची केलेली असते. फळं काढायचा हंगाम आला की त्यांचं नवं वर्ष सुरू होतं, कारण पाठोपाठ पाऊस येणार असतो.

त्या पावसाला तिथे काय म्हणतात, सांगा बरं? मॉन्सून! अरबी भाषेतल्या ‘मौसिम’ या शब्दापासून तो आला. आपला ‘मोसम’ही तिथूनच आलेला. एकच शब्द फिरत फिरत दोन टोकांना जाऊन पोचला.

आणि या मॉन्सूनची वाट जमिनीखाली बसून कोण बघत असतं? स्पेडफूट नावाचा बेडूक. त्याच्या मागच्या पायांना फावड्यासारखी कडक कड असते. तिनं माती उकरत तो उलटा उलटा खाली जातो आणि वर्षातले आठ-दहा महिने तिथेच झोपून काढतो. मग वर ढग गडगडतात, टपोरे थेंब जमिनीवर आपटतात. तो हादरा खाली पोचतो आणि बेडूक जागा होतो! त्याच रात्री डबक्याकाठी गलका सुरू होतो. यातल्या एका जातीचा आवाज तर बकरीच्या बें-बें सारखा आहे. अंडी घालायची, त्यातून पिल्लं निघायची आणि त्यांचे बेडूक व्हायचे, हे सगळं डबकं आटायच्या आत उरकायला हवं. म्हणून इथलं बेडकाचं पिल्लू आठवड्या-दीड आठवड्यात पाय फुटून उड्या मारायला लागतं. मला या पिल्लांचं फार कौतुक वाटतं.

आता शहरात चला, ॲरिझोना विद्यापीठात. इथे झाडांच्या वर्तुळांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. ती 1937 साली ए. ई. डग्लस यांनी स्थापन केली. डग्लस होते खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा पृथ्वीवरच्या हवामानाशी संबंध आहे का, ते त्यांना शोधायचं होतं. पण जुन्या पावसाच्या नोंदी कोणाकडे होत्या? झाडांकडे! कापलेल्या ओंडक्यावर गोल रेघा दिसतात ना? तिथल्या पाइन झाडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर अगदी बारीक.

रुंद, बारीक, बारीक, रुंद... हा क्रम म्हणजे बोटांच्या ठशासारखा. जिवंत झाडाच्या आतल्या वर्तुळांशी जुन्या तुळईची बाहेरची वर्तुळं जुळली, की तुळईचं वय कळतं. असं करत करत डग्लस मागे मागे गेले. प्राचीन गावांतल्या तुळयांची 585 वर्षांची वेगळी साखळीही त्यांच्याकडे होती, पण ती 585 वर्षं नेमकी कोणती, ते कळेना. मधला दुवा सापडत नव्हता. 22 जून 1929 ला शो लो नावाच्या गावात एक जळका ओंडका मिळाला. त्याला नाव दिलं एचएच-39. डग्लस त्याची वर्तुळं मोजत बसले आणि दोन्ही साखळ्या जुळल्या! शेकडो वर्षं ओसाड पडलेल्या गावांची घरं कधी बांधली, ते एका कोळसा झालेल्या लाकडानं सांगितलं.

त्या वर्तुळांत 1276 ते 1299 अशी वर्षानुवर्षं चाललेल्या मोठ्या दुष्काळाची खूणही आहे. त्याच काळात, 1290 साली, आपल्याकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहून झाली. इतकी जुनी ती वर्तुळं! आणि बरं का, पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञही सागवानाच्या वर्तुळांतून आपल्या जुन्या पावसाचा शोध घेतात.

शेवटचा थांबा दगडांचा. 1955 साली टूसॉनमधल्या एका प्राथमिक शाळेत खनिजांचं छोटंसं प्रदर्शन भरलं. आज हिवाळ्याच्या अखेरीस ते भरतं, तेव्हा जगभरातले लोक येतात. हॉटेलच्या खोल्यांतले पलंग बाजूला करून तिथेही टेबलांवर दगड मांडतात. त्या टेबलांवर नीट बघा. पीच रंगाचा स्टिल्बाइट, काचेसारखा ॲपोफिलाइट, मोरपिशी निळा कॅव्हान्साइट. कुठून आले हे? जळगाव, नाशिक, पुणे! कॅव्हान्साइटचे सगळ्यात देखणे नमुने तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा पसरला, थिजला, आणि त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. गरम पाणी त्यांत झिरपलं आणि हळूहळू स्फटिक वाढले. पाणी अजूनही त्यांच्या आत आहे! 1756 मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं असा एक दगड तापवला, तर तो चक्क फसफसला. म्हणून त्यानं या दगडांना ‘झिओलाइट’ म्हटलं, ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे झिओलाइट बघायला मिळतात. आणि तुमच्या गावात विहीर खणत असतील किंवा रस्त्याकडेला खडीचा ढीग पडला असेल, तर मोठ्या कोणाला तरी सोबत घेऊन त्या काळ्या दगडांत वाकून बघा. कुठे पांढरं, चमचमणारं काही दिसतंय का?