डिसलोकेशन आणि प्लॅस्टिक विरूपण : तांब्याची तार वाकते कशी?

घरातल्या वायरिंगमधून उरलेला तांब्याच्या जाड, एकेरी तारेचा तुकडा घ्या. किंचित वाकवून सोडलात तर तो पूर्ववत सरळ होतो. हे स्थितिस्थापक विरूपण. जास्त वाकवलात तर बाक तसाच राहतो. हे प्लॅस्टिक विरूपण. तार तुटलेली नाही, तरीही तिच्यातले अणू जुने शेजारी सोडून नव्या शेजाऱ्यांशी बांधले गेले आहेत. हे कसे घडते?

स्फटिकात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. कर्तन प्रतिबल पुरेसे झाले की एक थर दुसऱ्यावरून घसरतो. ज्या प्रतलात अणूंची दाटी सर्वाधिक, तिथे घसरण सोपी. तांब्याच्या फलककेंद्रित घन रचनेत अशी 4 प्रतले आणि प्रत्येकात 3 दिशा, म्हणजे 12 घसरण प्रणाली मिळतात.

आता खरी अडचण. संपूर्ण थर एकदम सरकतो असे मानून फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये आवश्यक प्रतिबल काढले. उत्तर आले दृढता गुणांक भागिले 2π. तांब्यासाठी दृढता गुणांक सुमारे 48 गिगापास्कल घेतला, तर हे प्रतिबल 7.6 गिगापास्कल येते. प्रत्यक्षात शुद्ध, तापवून मऊ केलेला तांब्याचा एकस्फटिक सुमारे 1 मेगापास्कललाच घसरू लागतो. चूक दुपटी-तिपटीची असती तर गणिताच्या ढोबळपणावर ढकलता आली असती. हजारो पटींची चूक म्हणजे मूळ चित्रच चुकीचे.

1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे एकच तोड सुचवली. स्फटिकात एखादे अर्धे प्रतल जास्तीचे घुसलेले असते आणि ते मध्येच संपते. जिथे ते संपते ती रेषा म्हणजे कडेचे डिसलोकेशन. या रेषेभोवतीचे अणू आधीच ताणलेले असतात. थोडे प्रतिबल दिले की शेजारच्या प्रतलाचा खालचा भाग तुटून या अर्ध्या प्रतलाला जोडला जातो, आणि ‘अर्धे’ राहण्याची पाळी आता शेजाऱ्यावर येते. अशी रेषा पुढे सरकते. एका वेळी बंध बदलतात ते फक्त रेषेलगतचे.

मोठी सतरंजी ओढणे जड जाते, पण तिच्यात एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलली की सतरंजी सहज सरकते. उपमा चांगली आहे, पण लक्षात ठेवा : सुरकुती लांब जाते, सतरंजी मात्र थोडीशीच सरकते. अणूंचेही तसेच. डिसलोकेशन स्फटिक पार करून बाहेर पडले की पृष्ठभागावर केवळ एका बर्गर्स सदिशाएवढी, तांब्यात 0.256 नॅनोमीटरची, पायरी उमटते.

मग एका प्रतलावर 1 मिलिमीटर घसरण हवी असेल तर किती डिसलोकेशन लागतील? भागाकार करा : सुमारे 39 लाख. एवढी आधीपासून तिथे नसतात. ती विरूपणातच जन्मतात. दोन टोकांना अडकलेली रेषा प्रतिबलाने धनुष्यासारखी फुगते, स्वतःभोवती वळून पूर्ण वलय सोडते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. हा फ्रँक-रीड स्रोत.

संख्या वाढली की ती एकमेकांच्या वाटेत येतात. तुमची तार त्याच जागी पुन्हा सरळ करून पाहा. आता जास्त जोर लागेल. घसरणीचे प्रतिबल डिसलोकेशन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मऊ तांब्यात घनता दर चौरस मीटरला सुमारे 10¹⁰, खूप ठोकलेल्या तांब्यात 10¹⁵ पर्यंत. म्हणजे प्रतिबल सुमारे 300 पट. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर मठारकामात भांड्यावर हातोडीचे ठोके देतात, तेव्हा नक्षीबरोबर ही गर्दीही वाढते आणि पातळ पत्रा टणक होतो. पुढे आणखी घडवायचा तर पत्रा तापवावा लागतो : उष्णतेने अणू हलतात, नवे स्वच्छ कण वाढतात आणि घनता खाली येते.

1956 पर्यंत हे सारे मुख्यतः अनुमान होते. त्या वर्षी केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न आणि व्हीलन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात डिसलोकेशन सरकताना दिसली.

सिलिकॉनमध्येही डिसलोकेशन असू शकतात. पण तिथले सहसंयोजी बंध दिशाबद्ध आणि बळकट असल्याने सामान्य तापमानाला ती जवळजवळ हलत नाहीत. म्हणून सिलिकॉनची चकती वाकवायला गेलात तर तडकते.