व्यावसायिक बॉक्सिंग : देश तितके रंग

मेक्सिको : १९९३ मध्ये बॉक्सर हुलिओ सेझार चावेझची लढत पाहायला आझ्तेका स्टेडियममध्ये १ लाख ३२ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. गल्लीतल्या पोरांचा हा खेळ तिथे राष्ट्राभिमानाचा विषय आहे.

अमेरिका : एकेकाळी घराघरांत मोफत दिसणाऱ्या मोठ्या लढती पैसे मोजून पाहाव्या लागू लागल्या आणि सामान्य प्रेक्षक दुरावला. ४५ वर्षांनंतर एचबीओ वाहिनीने २०१८ मध्ये बॉक्सिंगचं प्रक्षेपण थांबवलं.

ब्रिटन : इथे उलट चित्र. २०१७ मध्ये हेवीवेट बॉक्सर जोशुआ आणि क्लिचको यांच्या लढतीला वेम्बली स्टेडियमवर सुमारे ९० हजार प्रेक्षक होते.

नॉर्वे : मेंदूला होणाऱ्या इजांमुळे १९८१ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी आली, ती २०१४ मध्ये उठली. तोवर जगज्जेती सेसिलिया ब्रेकहस परदेशातच लढत राहिली.

क्युबा : क्रांतीनंतर व्यावसायिक खेळांवर बंदी आली. ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळत राहिली, पण पोटासाठी अनेक बॉक्सरांनी देश सोडला. २०२२ मध्ये सरकारने अखेर व्यावसायिक बॉक्सिंगला मुभा दिली.

जपान : माइक टायसन १९९० मध्ये जिथे हरला, त्या टोकियो डोममध्ये २०२४ साली जपानचाच बॉक्सर नाओया इनोउए जिंकला.

सौदी अरेबिया : पैशाच्या बळावर मोठ्या लढती रियाधकडे वळल्या. २०२४ मध्ये हेवीवेट बॉक्सर उसिक आणि फ्युरी तिथेच लढले.

भारत : ऑलिंपिक पदकविजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, २०१७ मध्ये तो मुंबईत वरळीला जिंकला. आपल्याकडे गुणवत्ता आहे. पण नियमित लढती व्हायला हव्यात आणि खेळाडूंना वैद्यकीय संरक्षण मिळायलाच हवं.